मागील दारची कपडे वाळवायची तार : प्रकल्प नोंदी

३ एप्रिल : गरज मोजली

ठिकाण रत्नागिरीजवळ, समुद्र दोन किलोमीटरच्या आत. घरात माणसे सहा. सध्या मागील दारी माड आणि पेरू यांच्यामध्ये निळी प्लास्टिकची दोरी आहे. उन्हाने ती पिठूळ होते आणि दर उन्हाळ्यात कुठेतरी तुटते. पावसाआधी तिच्या जागी कायमची तार उभी करायची आहे.

तारेची लांबी मोकळ्या जागेवरून ठरवू नये, कपड्यांवरून ठरवावी. मापे अशी : शर्ट खालच्या काठाला चिमटे लावून उलटा टांगला तर ५५ ते ६० सें.मी., टॉवेल ७० ते ७५ सें.मी., डबल चादर सव्वादोन मीटर. पाचवारी साडी न दुमडता आडवी पसरायची तर साडेपाच मीटर. नऊवारी सव्वाआठ मीटर भरते, तिला दुमडीशिवाय इलाज नाही. खांब ते खांब सहा मीटर धरले आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प व टर्नबकल (फिरवून तार आवळायचा आट्यांचा ताणक) यांची जागा सोडली, की साडेपाच मीटर वापरायला उरतात. म्हणजे एका तारेवर एक अख्खी साडी. अशा चार तारा पुरेत.

वजन : सुती कपडा हाताने पिळला तर कोरड्याच्या जवळपास दुप्पट भरतो, मशीनमधून पिळून आला तर दीडपट. एका तारेवर दोन चादरी आणि उरलेल्या जागेत टॉवेल-शर्ट असे धरून वरची मर्यादा ८ किलो ठरवली. चारही तारा एकदम भरल्या तर ३२ किलो. आकडा किरकोळ वाटतो, पण खांबावर येणारा जोर या वजनाइतका नसतो, त्याच्या कित्येक पट असतो. ते गणित पुढे.

५ एप्रिल : जागा

तीन जागा पाहिल्या, दोन बाद केल्या.

आंब्याखालची जागा सावलीची म्हणून सगळ्यांना आवडते, पण मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली पडतो, पुढे देठाचा चीक. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. शिवाय झाडावर पाखरे बसणारच. माडांच्या ओळीतली जागा उन्हाची आहे, पण वाळलेली झावळ तारेवर पडली तर तार वाकते आणि नारळ पडला तर माणूस. माडाच्या बुंध्यापासून निदान पाच मीटर बाजूला राहायचे.

राहिली विहिरीच्या आणि न्हाणीघराच्या मधली मोकळी पट्टी, ८ मीटर बाय ३ मीटर. जमीन जांभ्याची, वर वीतभर लाल माती. धुणे न्हाणीघरातून बाहेर काढले की दहा पावलांवर तार येते. भरलेली बादली उचलून नेणाऱ्याला हे अंतर उन्हा-वाऱ्याइतकेच महत्त्वाचे.

दिशा : तारा उत्तर-दक्षिण ठेवायच्या. कपड्याच्या एका अंगाला सकाळचे ऊन लागते, दुसऱ्याला दुपारनंतरचे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा वायव्येकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. दोन्ही वारे तारेला तिरपे लागतात आणि तिरपाच वारा हवा. बरोबर काटकोनात वारा आला की पहिल्या तारेवरची चादर मागच्या तिन्ही तारा अडवते. तारेच्या लांबीत आला की सगळे कपडे सरकत एका टोकाला गोळा होतात.

विजेची बाब. घराकडे येणारी सर्व्हिस वायर या पट्टीवरून जात नाही, हे आधी पाहून घेतले. कपड्यांची तार विजेच्या खांबाला किंवा त्याला आधार देणाऱ्या तिरप्या तारेला कधीही बांधायची नाही, हे महावितरण पावसाळा आला की सांगतच असते. तरी गावोगाव तसे बांधलेले दिसते. ज्या पत्र्याच्या शेडमधून वायरिंग गेले आहे तिच्या पाइपालाही नको. वायरची साल निघाली की पत्रा, पाइप आणि तार सगळीकडे वीज येते, आणि तारेला हात लावणारा ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर, बहुधा अनवाणी उभा असतो. विहिरीच्या पंपाची केबल या नव्या खांबांना गुंडाळायची नाही, हेही आताच ठरवून टाकले. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो याची खात्री केली.

८ एप्रिल : ताणाचे गणित

सगळा प्रकल्प या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

तारेवर कपडे सारखे पसरलेले असतील तर ताण = (कपड्यांचे वजन × खांबांमधले अंतर) ÷ (८ × मधला झोळ). झोळ म्हणजे तार मधोमध जितकी खाली येते ते अंतर. वजन किलोत आणि मापे मीटरमध्ये घातली की उत्तर किलोत येते.

८ किलो, ६ मीटर, झोळ १५ सें.मी. : ४८ ÷ १.२ = ४० किलो.
तेच कपडे, झोळ ५ सें.मी. : ४८ ÷ ०.४ = १२० किलो.

म्हणजे ‘तार कशी वाजली पाहिजे’ या हट्टापायी झोळ एक तृतीयांश केला की खांबावरचा जोर तिप्पट होतो. चार तारांचे मिळून १६० किलो होणार की ४८० किलो, हे झोळ ठरवतो.

खांबासाठी दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप पाहिला. बाहेरचा व्यास ६०.३ मि.मी., जाडी ३.६ मि.मी. तार जमिनीपासून १.८ मीटरवर. प्रत्येक टोकाला एकच खांब ठेवला तर १५ सें.मी. झोळाला सुद्धा पाइपाच्या मुळाशी पोलाद वाकण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. रस्त्याकडेच्या घरांतून एकाच पाइपावर टी मारून चार तारा ओढलेल्या असतात आणि वर्षभरात दोन्ही टी एकमेकींकडे झुकतात, त्याचे कारण हेच. दोष सिमेंटला दिला जातो, पण पाया जागच्या जागी असतो आणि पाइप वाकलेला असतो.

प्रत्येक टोकाला दोन खांब आणि वर आडवा पाइप अशी फुटबॉलच्या गोलसारखी चौकट केली, की जोर निम्मा-निम्मा होतो. १६० किलोला हा पाइप तग धरतो आणि हाताशी काही राखीवही उरते. ४८० किलोला दोन खांबही वाकतील. म्हणून चौकट दोन खांबांची, आणि भरलेल्या तारेला झोळ १५ सें.मी.पेक्षा कमी ठेवायचा नाही.

तीन इंची एकेरी पाइपही चालला असता. पण तो जड, आणि चार तारांसाठी वर आडवा पाइप वेल्ड करावाच लागला असता. वेल्डिंग शक्य तितके टाळायचे आहे, कारण जिथे वेल्ड तिथे जस्त जळते आणि इथल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

१० एप्रिल : तार कोणती

काथ्याची दोरी ओली झाली की तांबूस रंग सोडते, पांढऱ्या कपड्यांना निकामी. नायलॉन मजबूत असते, पण ओली झाली की लांबते आणि झोळ रोज वेगळा. प्लास्टिकच्या दोरीचे वर आलेच आहे.

जीआय तार (१० गेज, म्हणजे सव्वातीन मि.मी.) स्वस्त, कुठेही मिळणारी. घाटावर, कोरड्या हवेत ती बरीच वर्षे निभावते. समुद्राजवळ जस्त लवकर संपते, आणि गंज आधी दिसतो तो तारेवर नव्हे, सदऱ्याच्या खांद्यावर. प्लास्टिक चढवलेली जीआय तार दिसायला छान, पण क्लॅम्प आवळला की तिथे साल फाटते, खारट पाणी आत शिरते आणि तार आतून कुजते. बाहेरून हिरवीगार दिसणारी तार एक दिवस क्लॅम्पपाशी तुटते. इथे हा सर्वांत फसवा पर्याय.

छत्रीसारखे उघडणारे आणि पेटीत गुंडाळले जाणारे तयार प्रकार गॅलरीसाठी ठीक. उघड्यावर, वाऱ्यात त्यांचे प्लास्टिकचे भाग टिकत नाहीत. पुढे विचार केला नाही.

उरले स्टेनलेस. त्याच्या ३०४ आणि ३१६ या दोन ग्रेडांतला मुख्य फरक मॉलिब्डेनम या धातूचा. ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असते आणि मिठापुढे टिकाव धरण्याचे काम तेच करते. ३०४ वर समुद्राकाठी चहा सांडल्यासारखे तांबूस डाग येतात. तार तुटत नाही, पण डाग कपड्याला लागू शकतो. म्हणून ३१६, जाडी ४ मि.मी., वीण ७×७ (सात पेड, प्रत्येकात सात बारीक तारा). तुटण्याचा भार ९०० किलोच्या आसपास, आपल्या ताणाच्या वीसपटीहून जास्त. बळासाठी ३ मि.मी.ची तारही पुरली असती. ४ मि.मी. घेतली ती कपड्यावर वळ कमी उठावा आणि चिमट्याची पकड बसावी म्हणून. ७×१९ वीण मऊ असते, पण तिच्यात बारीक तारा जास्त, फटी जास्त आणि मीठ साठायला जागाही जास्त. ती कप्पीवरून फिरवायची असेल तरच घ्यावी.

दुकानात ३०४ आणि ३१६ डोळ्यांनी ओळखता येत नाही. लोहचुंबकाचाही भरवसा नाही. रिळावरचा ग्रेडचा ठसा पाहावा, बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. जास्त खात्री हवी असेल तर मॉलिब्डेनम तपासायच्या द्रावणाचे थेंब मिळतात.

१३ एप्रिल : सामान

पाइपाची लांबी ६ मीटर येते. एका पाइपातून २.४ मी., २.४ मी. आणि १.२ मी. असे तीन तुकडे पाडले की एक चौकट पुरी होते आणि काहीही वाया जात नाही. दोन चौकटींना दोन पाइप. खांबाचे १.७५ मी. जमिनीवर, ६५ सें.मी. काँक्रीटमध्ये. वरच्या एल्बोमुळे आडव्या पाइपाचा मध्य १.८० मीटरवर येतो.

ही उंची घरातल्या सर्वांत ठेंगण्या माणसाने हात वर करून चिमटा लावून पाहावा आणि मग पक्की करावी. हात पुरतो म्हणजे बोटे टेकतात एवढ्यावर भागत नाही, ओली चादर पलीकडे टाकता आली पाहिजे.

– दोन इंची बी क्लास जीआय पाइप : २ नग (मीटरला सुमारे ५ किलो)
– दोन इंची जीआय एल्बो : ४
– बंद डोळ्याचे बोल्ट, १० मि.मी., ३१६ : ८ (दांडी १०० मि.मी.), प्रत्येकी दोन वॉशर, दोन नट, शिवाय नायलॉन वॉशर
– टर्नबकल, ८ मि.मी., दोन्हीकडे बंद डोळा किंवा शॅकल : ४
– थिंबल (तारेच्या फासाच्या आत बसणारी खाचेची कडी), ४ मि.मी. तारेची : ८
– तारेचे यू-क्लॅम्प : २४, प्रत्येक टोकाला तीन
– तार : ३० मीटर (एका ओळीला टोकांसह सुमारे ६.५ मीटर, बाकी राखीव)
– सिमेंट ३ गोण्या, धुतलेली क्रश सँड ६ घनफूट, २० मि.मी. खडी १२ घनफूट
– जस्ताचा कोल्ड गॅल्वनायझिंग रंग अर्धा लिटर, डांबरी रंग अर्धा लिटर
– गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप, १२ मि.मी., एक मीटर जास्तीचा. हा मापासाठी नाही, क्लॅम्प झाकण्यासाठी. पुढे येईल.

हुकाचे टर्नबकल घेऊ नये. वाऱ्यात तार उडते तेव्हा हुक निसटतो. स्टेनलेसच्या तारेला साधे जस्ताचे क्लॅम्पही नकोत. लहानसा जस्ताचा भाग मोठ्या स्टेनलेसला चिकटला की तो झपाट्याने खाल्ला जातो. उलट बाजूने, मोठ्या जीआय पाइपावर लहान स्टेनलेसचा बोल्ट, त्रास फार कमी. नायलॉन वॉशर घातला की तोही आवरतो.

१६ एप्रिल : खड्डे

चार खड्डे, प्रत्येकी ३५ × ३५ सें.मी., खोली ७५. वरची माती फावड्याने निघाली, खाली जांभा लागला. इथून पहार आणि घण. जांभ्यात गोल खड्डा मारण्याच्या फंदात पडू नये. चौकोनी खड्ड्याचे कोपरे फोडता येतात, आणि कोपऱ्यांमुळे काँक्रीटचा ठोकळा फिरत नाही. खालचा तळ वरच्या तोंडापेक्षा चिंचोळा होऊ द्यायचा नाही, झालाच तर दोन बोटे रुंद चालेल.

निव्वळ मातीची जमीन असती तर खोली ९० सें.मी. आणि तोंड ४५ सें.मी. घेतले असते. जांभा बाजूने दाबाला हलत नाही, म्हणून इथे कमी भागते.

आखणी : एका चौकटीच्या दोन खांबांचे मध्य १.२८ मीटर, दोन चौकटींमध्ये ६ मीटर. दोन्ही कर्ण ६.१३ मीटर भरले, म्हणजे काटकोन बरोबर. कर्णात दोन-तीन सें.मी.चा फरक राहिला असता तर चारही तारांची लांबी वेगवेगळी आली असती.

१८ एप्रिल : चौकटी

आटे पाडायला पाइप दुकानातच दिले. आडव्या पाइपाच्या दोन्ही टोकांना एल्बो आधी आवळायचे, दोन्हींची तोंडे एकाच दिशेला, आणि मग खालून खांब फिरवत बसवायचे. खालचे टोक मोकळे असल्यामुळे युनियन (दोन पाइप न फिरवता जोडायचा सुटा सांधा) लागत नाही. आट्यांवर धागा आणि रंग. जिथे आटे पडले तिथे जस्त गेलेले असते, म्हणून उघड्या आट्यांना तारेच्या ब्रशने पुसून जस्ताच्या रंगाचे दोन हात दिले.

डोळ्याच्या बोल्टांची भोके आडव्या पाइपावर, ३२ सें.मी.च्या अंतराने चार. टोकाच्या तारेपासून खांबाचा मध्य १६ सें.मी. राहतो. ३२ पेक्षा कमी अंतर ठेवले तर दोन चादरी एकमेकींना चिकटतात. भोक आरपार आणि सरळ पडायला हवे. त्यासाठी खडूच्या दोऱ्याने पाइपाच्या दोन्ही अंगांना रेघ मारली, दोन्हीकडून ४ मि.मी.चे बारीक भोक पाडले आणि मग ११ मि.मी.चे. एकाच बाजूने थेट मोठे ड्रिल घातले की पलीकडचे भोक हमखास तिरपे जाते. भोकांच्या कडांनाही जस्ताचा रंग.

खांबाच्या खालच्या टोकापासून १० सें.मी.वर आडवे भोक पाडून १० मि.मी.च्या सळईचा वीतभर तुकडा घातला. काँक्रीटमध्ये पाइप फिरू नये आणि वर सरकू नये म्हणून. जमिनीच्या रेषेच्या वर-खाली १५-१५ सें.मी. डांबरी रंग. जीआयचा खांब मधे कुजत नाही, तो माती आणि हवा भेटतात तिथे कुजतो.

१९ एप्रिल : काँक्रीट

सकाळी खड्ड्यांच्या भिंतींवर पाणी मारून घेतले. कोरडा जांभा काँक्रीटमधले पाणी शोषतो आणि कडेचे काँक्रीट भुसभुशीत राहते. तळाला १० सें.मी. खडी-सिमेंटचा थर, तो ठोकून वर चौकट उभी.

प्रमाण १:२:४, गोणीला २६-२७ लिटर पाणी. मिसळणारा माणूस हात हलका व्हावा म्हणून आणखी पाणी ओतू पाहतो, तिथे लक्ष ठेवावे. खाडीची वाळू वापरायची नाही. तिच्यातले मीठ आतल्या पाइपाला खाते.

चौकटी ओळंब्यात उभ्या केल्या नाहीत. दोन्ही चौकटी मुद्दाम बाहेरच्या बाजूला, एकमेकींपासून दूर, वरच्या टोकाला २० मि.मी. कललेल्या ठेवल्या. रिकाम्या तारा ठरल्या ताणाला आल्या की पाइप साधारण तेवढाच आत येतो आणि मग तो सरळ दिसतो. सरळ उभा केलेला खांब ताण दिल्यावर आत झुकलेला दिसतो, आणि घरचे रोज विचारतात, ‘पडणार का हा?’

आडवे पाइप लेव्हल पाइपाने एकमेकांशी जुळवले, रिपांचे टेकू दिले. काँक्रीट तीन थरांत ओतले, दर थराला सळईने टोचले. वरचा भाग जमिनीपासून ५ सें.मी. वर काढून चारी बाजूंना उतार दिला, पाणी पाइपापाशी थांबू नये म्हणून. सिमेंट अडीच गोण्या संपले.

२० ते ३० एप्रिल

पोते गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी. एप्रिलच्या उन्हात एक दिवस चुकला तरी वरचा थर चिरतो. टेकू चौथ्या दिवशी काढले. तार ओढण्याची घाई करायची नाही. या काळात कोणी पाइपाला दोरी बांधून कपडे टाकणार नाही एवढे पाहावे लागते.

३ मे : तारा ओढल्या

नवी स्टेनलेस तार स्वच्छ दिसते, पण पांढऱ्या पंच्याने पुसली की पंच्यावर काळी रेघ उठते. कारखान्यातले तेल आणि धातूची भुकटी विणीत बसलेली असते. आधी रॉकेलच्या बोळ्याने, मग साबणाच्या पाण्याने पुसायची आणि पंचा पांढरा राहीपर्यंत थांबायचे नाही. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यातल्या प्रत्येक चादरीवर मधोमध काळा पट्टा.

कापण्याआधी कापायच्या जागी चिकटपट्टीचे चार वेढे आणि वेढ्यांच्या मधोमध कटर. उघडी कापली तर टोक पिसारते आणि थिंबलमधून जात नाही.

टोक बांधण्याचा क्रम : लेव्हल पाइपाचा १२ सें.मी.चा तुकडा आधी तारेत ओवून मागे सरकवायचा. मग तार थिंबलभोवती, १८-२० सें.मी. शेपूट परत. पहिला क्लॅम्प थिंबलच्या अगदी जवळ, पुढचे दोन २५-२५ मि.मी. अंतराने. क्लॅम्पचा जाड खाचेचा भाग ताण घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू शेपटीवर. उलटा लावला तर यू मुख्य तारेलाच चेपतो. सगळे नट खालच्या बाजूला. शेवटी लेव्हल पाइपाचा तुकडा उभा चिरून क्लॅम्पांवर चढवला आणि दोन्ही टोकांना टाय बांधला. साडीचा काठ क्लॅम्पच्या नटात अडकून फाटतो. तारेवरच्या कपड्याचे सर्वांत जास्त नुकसान याच चार बोटांच्या जागेत होते.

स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडे आवळले तर आटे एकमेकांना धरतात आणि मग ना पुढे ना मागे, कापूनच काढावे लागते. प्रत्येक आट्याला ग्रीस, आवळायचे हाताने, मशीनने नाही.

टर्नबकल सगळा उघडून लावला. पुढे तार बसते तेव्हा आवळायला आटे शिल्लक हवेत.

ताण मोजायला काटा लागत नाही. तारेच्या मधोमध पाण्याची भरलेली दोन लिटरची बाटली टांगायची. सहा मीटरच्या तारेला ती दहा सें.मी.च्या आसपास खाली आली की ताण २५-३० किलो. पाच-सहा सें.मी.च आली तर तार जास्त ओढली आहे, सैल करावी. वीस सें.मी. गेली तर ढिली. चारही तारा एकदम पुऱ्या आवळायच्या नाहीत. आधी मधल्या दोन अर्ध्या, मग कडेच्या दोन, मग पुन्हा पहिल्यापासून. एक आवळली की चौकट जराशी आत येते आणि बाकीच्या सैल पडतात. दुसऱ्या फेरीनंतर चारही सारख्या झाल्या. खांबांना ओळंबा लावला, सरळ.

४ मे : भार चाचणी

प्रत्येक तारेवर एक लिटरच्या आठ भरलेल्या बाटल्या, ७० सें.मी. अंतराने, म्हणजे ठरवलेले ८ किलो. चारही तारा भरल्यावर मधला झोळ १७-१८ सें.मी. गणितातल्या १५ पेक्षा जास्त आला, कारण खांब थोडे लवतात. ते लवणे फायद्याचेच आहे, ताण आपोआप उतरतो. तार सर्वांत खाली जमिनीपासून १.६२ मीटर. मधोमध टाकलेली दुमडलेली चादर सव्वा मीटर खाली येते, तरी जमिनीपासून वीतभराहून वर राहते. बाटल्या काढल्यावर खांब जागेवर परतले. रात्रभर तसाच भार ठेवून सकाळी सगळे नट पुन्हा आवळले. क्लॅम्पचे नट पहिल्या भारानंतर नेहमी सैल पडतात, कारण तार चेपून किंचित बारीक होते.

१२ मे : वारा

वळिवाची पहिली सर आली. ताशी ३६ किलोमीटरचा वारा अख्ख्या पसरलेल्या डबल चादरीवर सुमारे १६ किलोचा आडवा जोर देतो, तिच्या स्वतःच्या ओल्या वजनाच्या कितीतरी वर. चादर फडफडते म्हणून प्रत्यक्षात तो जोर धक्क्याधक्क्याने येतो. तारेला काही होत नाही, चिमटे उडतात. प्लास्टिकचे चिमटे उन्हाने ठिसूळ होतात आणि स्प्रिंग गंजली की तिचाही डाग पडतो. स्टेनलेसच्या तारेचे वळवलेले चिमटे घेतले, चादरीला चार आणि साडीला सहा. आभाळ भरून आले की आधी चादरी काढायच्या, शर्ट राहिले तरी चालतात.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो. रंगीत कपडे उलटे करून टाकावेत आणि वाळले की लगेच काढावेत. कडक उन्हात दिवसभर टांगलेला काळा टी-शर्ट पाण्यात जितका विटत नाही तितका तारेवर विटतो.

२३ मे : खालची जमीन

तारेखाली लाल माती तशीच ठेवली तर पहिल्या पावसात शिंतोडे गुडघाभर उडतात आणि जांभ्याचा लाल डाग धुऊन निघत नाही. वरची माती दहा सें.मी. काढली, चिऱ्याच्या कपच्या ठोकल्या, वर सहा सें.मी. बारीक खडी. उतार विहिरीपासून दूर, आगराकडे. तारांच्या बाहेर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त घेतले. उभे राहणाऱ्याचे पायही त्यावर यायला हवेत. उरलेल्या अर्ध्या गोणीतून न्हाणीघराच्या दारापासून तीन फरश्या बसवल्या.

२५ जून : पावसाळी सोय

इथे वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बाहेरची तार कितीही चांगली असली तरी या दिवसांत उघडीप मिळाली तरच उपयोगी. पडवीत वाशांना तीन मीटरच्या दोन तारा, मधे ४० सें.मी. अंतर. इथे ऊन नाही, म्हणून हवा खेळायला बाहेरच्यापेक्षा जास्त अंतर. कपडे एकेरी टाकायचे, दुमडून नाही. दुमडलेल्या टॉवेलच्या आतल्या घडीलाच कुबट वास धरतो. पंखा कपड्यांच्या खालून वर नको, आडवा लावावा.

पडवीत खिळे ठोकून तार गुंडाळायची नाही. वाशात ड्रिल करून आट्याचे डोळे, आणि ते वाशाच्या मधल्या उंचीवर. खालच्या कडेला बसवले तर लाकूड चिरते.

५ ऑक्टोबर : पावसानंतरची तपासणी

बाहेरच्या चार तारांवर डाग नाही. पडवीतल्या तारांवर मात्र एका टोकाला फिकट तांबूस छटा, तीही ३१६ च असून. बाहेरच्या तारेवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, छपराखालच्या तारेवर ते साचत राहते. ओल्या फडक्याने पुसली, छटा गेली. पडवीतली तार महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पुसायची. बाहेरची पावसाळा संपल्यापासून पुढे पंधरा दिवसांनी, आणि कपडे टाकण्यापूर्वी ओला हात फिरवून.

बाटलीची चाचणी पुन्हा केली. तीन तारा जिथल्या तिथे, पूर्वेकडच्या कडेच्या तारेला बाटली १४ सें.मी. खाली गेली. न्हाणीघरातून येताना हीच पहिली लागते, भार जास्त तिच्यावर. टर्नबकल दीड फेरा आवळला आणि दोन्ही डोळ्यांतून स्टेनलेसची बारीक तार ओवून त्याला फिरण्यापासून अडवले. वाऱ्याच्या थरथरीने तो उलटा फिरत होता. बाकीच्या तिघांनाही तशीच तार.

खांबाच्या बुडाशी डांबराला केसाएवढी चीर, काँक्रीट आणि पाइप यांच्या सांध्यात. ब्रशने साफ करून, वाळू देऊन, डांबराचा एक हात. एका एल्बोच्या आट्यांवर पांढरी भुकटी दिसली, ती जस्ताची, लोखंडाची नाही. घासून जस्ताच्या रंगाचा एक हात दिला. तिथे तांबडे दिसू लागले तर आटे उघडून पाहावे लागतील. पुढची तपासणी एप्रिलमध्ये, क्लॅम्पवरचे लेव्हल पाइपाचे तुकडे तेव्हा बदलायचे. उन्हाने ते पिवळे पडून कडक झाले आहेत.